सरकवलेली वाटी

रविवारच्या जेवणात एका माणसाने दुसऱ्याच्या ताटाजवळची वाटी उचलून बाजूला ठेवली, एवढीच ही गोष्ट. एवढ्याशा गोष्टीवरून वाचकांना चार शब्द ऐकवायला बसावे का, असा संकोच वाटतो. पण वाट्या आपण सगळेच सरकवतो, आपल्या माणसांच्या तर हमखास. म्हणून सांगतो.

त्या घरचे कर्ते गृहस्थ शहराच्या तपासणी प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होते. पाणी, दूध, मासळी, जे काही लोकांच्या पोटात जायचे ते आधी त्यांच्या काचेच्या नळ्यांतून जायचे. दशांशचिन्हापुढच्या शेवटच्या आकड्यासाठी ते सहकाऱ्यांशी हुज्जत घालत, म्हणून कचेरीत त्यांना सगळे ‘पॉइंटसाहेब’ म्हणत. ते नाव घरापर्यंतही पोहोचले होते. नवऱ्याने चहाचा घोट घेऊन तोंड वाकडे केले, की बायको विचारायची, “काय झालं? पॉइंट किती साखर जास्त पडली?”

त्या रविवारी सकाळीच ताईची बादली आली होती. ताई म्हणजे पॉइंटसाहेबांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच भावाला अंगाखांद्यावर वाढवले, शिकवले. ती खाडीकाठच्या वस्तीत राहायची. ओहोटीला इतर बायकांबरोबर गुडघाभर चिखलात उतरायची आणि वाकड्या सळईने शिंपले उकरून काढायची. काही बाजारात विकायची, काही घरात शिजायचे, आणि त्यातले निवडक टपोरे शिंपले भावाच्या घरी जायचे. त्यात खंड म्हणून कधी पडला नाही.

“अहो, आज तरी घ्या,” बायको वाढता वाढता म्हणाली. “ताईंनी एकेक निवडून पाठवलाय.”

“नको. पोटाला सोसत नाहीत.”

“जन्मभर सोसले, आणि या महिन्यातच तुमच्या पोटाला काय धाड भरली?”

पॉइंटसाहेबांनी भातावर वरण घेतले आणि मान खाली घातली. समोर सून बसली होती. मुलगा कामानिमित्त परगावी असायचा. सुनेला दिवस गेले होते आणि डोहाळेही लागले होते ते नेमके शिंपल्यांचे. पहिली वाटी तिने रस्सा भुरकत संपवली होती. सासूने कौतुकाने दुसरी भरून तिच्या ताटाशी ठेवली. सुनेने हात पुढे केला. आणि तेवढ्यात पॉइंटसाहेबांचा हात मध्ये आला. त्यांनी ती वाटी उचलली आणि लांब, टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकवली.

“तू नको खाऊस.”

सुनेचा पुढे केलेला हात ताटाशीच राहिला.

“अहो!” बायको ओरडली. “पोटुशी पोर ती! तिच्या तोंडचा घास काढता? शोभतं का तुम्हाला?”

“उष्ण पडतात... अशा वेळी...”

“कोणी सांगितलं? मी पोटुशी होते तेव्हा तुमच्या ताईंनीच मला बादल्या रिचवायला लावल्या होत्या. मुलगा चांगला धट्टाकट्टा झाला ना?”

पॉइंटसाहेब ताटावरून उठले. सुनेने वाटी पुन्हा मागितली नाही. वाटी सरकवताना सासऱ्यांची नजर तिच्या पोटावर होती, हे तिने पाहिले होते.

दुपारी ती गच्चीत वाळलेले कपडे काढायला गेली, तर सासरे तिथे खुर्चीवर वर्तमानपत्र धरून बसलेले. ती सगळे कपडे घड्या घालून मोकळी झाली तरी त्यांचे पान काही उलटेना.

सून एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. बोलायला साधी, पण स्वभावाने खमकी. तिने टोपली खाली ठेवली.

“बाबा, गिऱ्हाईक माझ्याकडे येऊन म्हणतं, पोट बिघडलंय, आणि चेहरा सांगत असतो की बिघडलंय भलतंच काहीतरी. तुमचं पोट ठणठणीत आहे. काय झालंय ते सांगा. वाटी माझी होती, मला कळायला हवं.”

पॉइंटसाहेबांनी वर्तमानपत्राची घडी केली, ती पुन्हा उलगडली, पुन्हा घडी केली.

“खाडीत दोन जातींचे शिंपले आहेत,” अखेर ते म्हणाले. वर्गात शिकवावे तसे ते बोलू लागले. बहुधा तसे बोलणेच त्यांना सोपे जात असावे. “एक आपले गावठी. राखाडी, जाड कवचाचे. चिखलात रुतून राहतात, सावकाश वाढतात, वर्षानुवर्षं एकाच जागी. दुसरे ते काळे-जांभळे.”

“ज्यांना पाहुणे म्हणतात ते?”

“हो, पाहुणे. जहाजांच्या बुडाला चिकटून कुठून तरी आले आणि आपल्या धक्क्याच्या खांबांवर त्यांनी संसार थाटला. भराभर वाढतात, लवकर मरतात. चिखलाशी त्यांचा संबंधच येत नाही, वाहत्या पाण्यात लटकलेले असतात. चवीला चामड्यासारखे, म्हणून त्यांना कोणी खात नाही.”

“मग?”

“महिन्यापूर्वी आमच्याकडे नवं यंत्र आलं. ते नीट चालतंय का बघायला काहीतरी हवं होतं, म्हणून ताईच्या बादलीतले मूठभर शिंपले डब्यात घालून नेले. मला वाटलं, स्वच्छच निघणार. आपल्याच घरचे.” त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. “शिसं निघालं. कॅडमियम निघालं. थोडंथोडकं नाही. मला वाटलं यंत्रच बिघडलं. सगळ्या नळ्या आम्लाने धुतल्या, पुन्हा केलं. पुन्हा तेच.”

“पण आत्यांच्या तिथे खाडीवर बोर्ड आहे! ‘येथील शिंपले तपासले असून खाण्यास योग्य आहेत.’ खाली तुमची सही!”

“हो,” पॉइंटसाहेब म्हणाले. “सही माझी आहे.”

मग बाकीचेही त्यांनी सांगितले. नमुने आणणाऱ्या माणसाला त्यांनी विचारले होते की बाबा रे, तू दर मोसमात बादली भरून आणतोस, ते शिंपले कुठले? तो बिचारा सरळ म्हणाला होता, धक्क्यावरचे साहेब, पायरीवर उभं राहून खरवडतो, चिखलात कोण उतरणार, माझे गुडघे गेलेत, आणि मला कोणी कधी सांगितलंही नाही, शिंपले आण म्हणाले, शिंपले आणले. नियमातही ‘शिंपले’ एवढेच लिहिलेले होते. म्हणजे इतकी वर्षे शहराच्या प्रयोगशाळेने अगदी काटेकोरपणे, दशांशापुढच्या शेवटच्या आकड्यापर्यंत, तो शिंपला तपासला होता जो कोणीच खात नव्हते! आणि त्याच्या जोरावर जो सगळे खात होते, त्याला योग्य ठरवले होते.

“आणि पॉइंटसाहेब म्हणवणाऱ्या माणसाने कवच कधी बघितलं नाही,” ते म्हणाले. “माझ्यासमोर यायचं ते नळीतलं पाणी.”

“कचेरीतल्या मोठ्या साहेबांना सांगितलंत?”

“सांगितलं. ते म्हणाले, घरच्या डब्यातल्या शिंपल्यांवर सरकारी कारभार चालत नाही. आणि म्हणाले, बोर्ड काढलात तर उद्या बाजार बंद पडेल, त्या गरीब बायकांच्या पोटावर पाय येईल, त्यात तुमची सख्खी बहीण. मलाही...” त्यांनी मान वळवली. “मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घेतलं. ते बोलले म्हणून बरं वाटलं मला.”

त्या एका वाक्याच्या आडोशाला पॉइंटसाहेब महिनाभर बसून राहिले होते. बहिणीच्या पोटाचा विचार करतो म्हणून गप्प आहे, असे स्वतःला सांगत होते, आणि बहीण रोज त्याच पोटात काय ढकलते आहे हे त्यांना ठाऊक होते. स्वतः मात्र शिंपल्याला शिवत नव्हते.

सून कठड्याला टेकून उभी राहिली. तिचा एक हात आपसूक पोटावर गेला होता. पॉइंटसाहेबांना तिकडे बघवेना.

“बाबा,” ती म्हणाली, “आमच्या दुकानात बाटलीवर लेबल एका औषधाचं आणि आत दुसरंच औषध निघालं, तर आम्ही असं नाही म्हणत की लेबलावर लिहिलंय ते औषध तर चांगलंच आहे ना. आम्ही दुकानाचं शटर ओढतो आणि ज्याला ज्याला ती बाटली दिली त्याचं दार ठोठावतो.”

“मला कळतं गं ते.”

“कळतं म्हणूनच तर माझी वाटी सरकवलीत. पण माझी तुम्ही सरकवलीत, बाबा. आत्यांची कोण सरकवणार?”

सुनेने टोपली उचलली आणि ती खाली निघून गेली.

माणूस असा धडपडला की लगेच उठून सरळ चालू लागतो, असे नाही. पॉइंटसाहेब दुसऱ्या दिवशी कामावरून निघाले ते मोठ्या साहेबांच्या खोलीत न जाता ताईकडे गेले. त्यांनी मनाशी ठरवले होते की ताईला तेवढे बाजूला घेऊन सांगायचे. तिला वाचवायचे. बाकीचे मग रीतसर, सवडीने.

ताई घरापुढच्या पायरीवर बसून शिंपले निवडत होती. शेजारच्या दोघी-तिघी बरोबर होत्या. त्यातल्या एकीचा आवाज खाडीपल्याड ऐकू जायचा, म्हणून वस्तीत तिला तोफ म्हणत.

“आले बघा साहेब!” तोफ धडाडली. “काय हो, आज चिखल मोजायला आलात की आमची तोंडं?”

“त्याला चिडवू नका गं,” ताई हसत म्हणाली. “तोंड बघा कसं उतरलंय. बस रे. बायको खायला घालत नाही का?”

“ताई, जरा आत येतेस? बोलायचंय.”

“बोल की इथंच. ह्या काय परक्या आहेत?”

“आत चल ना.”

ताई हात पदराला पुसत आत आली. खोली लहानशी. चुलीवर पातेले, पातेल्यात शिंपले. तो वास पॉइंटसाहेबांच्या लहानपणापासूनचा होता. त्या वासावर शाळेतून धावत घरी येत असत ते.

“ताई, काही दिवस तू शिंपले खाऊ नकोस. नातवंडांनाही देऊ नकोस.”

“का रे?”

“कारण विचारू नकोस. मी सांगतोय म्हणून ऐक. आणि बाहेर बोलू नकोस.”

ताईने त्यांच्याकडे पाहिले. लहानपणी त्यांनी पाटी फोडून अंथरुणाखाली लपवली होती, तेव्हाही ती अशीच बघत राहिली होती. मग ती वळली, दारात जाऊन उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, “बायांनो, ऐका गं. माझा भाऊ म्हणतो, शिंपले खाऊ नका.”

“ताई! मी तुला सांगितलं!”

“मला सांगितलंस म्हणजे कोणाला सांगितलंस?” ताई गर्रकन मागे फिरली. “एका चिखलात उतरतो आम्ही. एकमेकींच्या बादल्या भरून देतो. तोच शिंपला माझ्या पोटात गेला तर तुला धास्ती, आणि हिच्या पोटात गेला तर तिला बोर्ड दाखवायचा?”

बाहेरच्या बायका उठून दाराशी आल्या होत्या. पॉइंटसाहेबांना पळून जावेसे वाटले. पण दारात ताई उभी होती. मग ते बोलले. चिखलाबद्दल बोलले, खाडीच्या वरच्या अंगाला भांड्यांना आणि नळांना मुलामा देणारे कारखाने आहेत त्यांच्या गटारांबद्दल बोलले, शिंपला दिवसभर पाणी गाळत बसतो आणि त्यातले नको ते अंगात साठवतो हे सांगितले. लहान मुलांच्या डोक्याला शिसे काय करते, मोठ्यांच्या मूत्रपिंडाला कॅडमियम काय करते, हेही सांगितले. एक तरुण बाई ऐकता ऐकता चटकन मागे फिरली. तिची धाकटी मुलगी पायरीवर वाटी घेऊन बसली होती. तिने ती वाटी मुलीच्या मांडीवरून उचलली आणि उंच धरली. मुलगी रडू लागली.

पॉइंटसाहेबांनी ते पाहिले. आदल्या दिवशी त्यांनी जे टेबलावर केले होते, ते ही बाई आज करत होती. महिना उशिरा! आणि तो महिना त्यांनी तिच्यापासून लपवून ठेवला होता.

“मग साहेब,” तोफेचा आवाज आज इतका खाली आला होता की ओळखू येईना, “इतकी वर्षं तुम्ही तपासत काय होतात?”

“धक्क्यावरचे. पाहुणे.”

“पाहुणे? अहो, त्यांना तर कावळेही तोंड लावत नाहीत!”

कोणीतरी फिसकन हसले आणि लगेच गप्प झाले.

ताई मात्र हसली नाही. ती हळूच म्हणाली, “आम्हाला काय ठाऊक, शिंपल्याच्या पोटात काय असतं? आम्ही शिंपला बघून खात नव्हतो रे. तुझी सही बघून खात होतो. नव्या सुना विचारायच्या, गटाराचं पाणी येतं वरून, खाऊ का? मी त्यांना हाताला धरून बोर्डापाशी न्यायची. ‘हे बघ,’ म्हणायची, ‘माझा भाऊ आहे हा.’”

पॉइंटसाहेबांनी खाली मान घातली.

“आणि उद्या बाजारात मी काय घेऊन बसू? ते काढलंय का तुझ्या यंत्रानं?”

ताई दारातून बाजूला झाली. एरवी ती भावाला कोपऱ्यापर्यंत पोहोचवायला यायची. त्या दिवशी ती आली नाही.

घरी जाताना बोर्ड वाटेतच होता. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरे, आणि खाली त्यांची सही, रंगाऱ्याने मोठी करून काढलेली. सहीतला शेवटचा फराटा ऐटबाज होता. एवढ्या ऐटीत आपण सही करतो, हे पॉइंटसाहेबांच्या पहिल्यांदाच लक्षात आले.

दुसऱ्या दिवशी ते मोठ्या साहेबांपुढे उभे राहिले.

“साहेब, गावठी शिंपल्यांचा नमुना काढायचाय. रीतसर. मी स्वतः काढणार.”

“म्हणजे चिखलात उतरणार?”

“उतरणार.”

“अहो पॉइंटसाहेब, ह्या वयात रुतून बसाल, मग क्रेन मागवावी लागेल!” साहेब हसले, आणि मग गंभीर झाले. “आपला आकडा खोटा होता का? नव्हता ना? मग?”

“आकडा खरा होता, साहेब. पण ज्याचा होता त्याला कोणी खात नाही.”

साहेबांनी पेनाचे टोपण काढले, लावले. “काढा नमुना. मी अडवलं असं व्हायला नको.”

ओहोटीच्या वेळी पॉइंटसाहेब पँट दुमडून खाडीवर पोहोचले. नमुनेवालाही आला होता. गुडघे दुखत असूनही आला होता, कारण मूळ चूक आपली, असे त्याला वाटत होते. “तुझी नाही रे बाबा,” पॉइंटसाहेब म्हणाले, “तू बादली आणलीस. मी उघडून बघितली नाही.” दोघे चिखलात उतरले आणि पहिल्याच पावलाला पॉइंटसाहेबांची चप्पल आत गेली ती गेलीच. कडेला बायका उभ्या होत्या. कोणी मदतीला येईना. पॉइंटसाहेब सळईने चिखल उकरत राहिले, पण शिंपला काही लागेना.

मग शेजारी कोणीतरी येऊन उभे राहिले. ताई होती. तिने भावाकडे पाहिले नाही. त्यांच्या हातातली सळई घेऊन ती फिरवली आणि परत हातात दिली.

“उभी नाही. तिरकी धर.”

तेवढेच बोलली. पण मग ओहोटी संपेपर्यंत ती बरोबर राहिली. दोन बादल्या भरल्या. एकीत गावठी, दुसरीत धक्क्यावरचे पाहुणे. या वेळी दोन्हींवर जातीचे नाव लिहिले.

प्रयोगशाळेत शिंपले आधी स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवतात, म्हणजे ते पोटातली माती टाकून देतात आणि मोजताना चिखल मोजला जात नाही. हे काम पॉइंटसाहेबांनी इतकी वर्षे मदतनिसावर सोपवले होते. या वेळी ते स्वतः टाकीपाशी थांबले. दुसऱ्या दिवशी टाकीच्या तळाशी मऊ, काळा गाळ बसला होता आणि शिंपले त्यावर धुतल्यासारखे स्वच्छ पडले होते.

“झाले की साफ!” नमुनेवाला आशेने म्हणाला. “असंच धुऊन विकलं तर, साहेब?”

“पोटातला चिखल टाकतात ते. मांसात मुरलेलं टाकता येत नाही.”

असे म्हणून ते टाकीकडे बघत राहिले. त्या दिवशी ताईच्या दारात सगळे ओकून टाकले, तेव्हा आपणही मोकळे झालो असे त्यांना घटकाभर वाटले होते. पण महिनाभर बहीण जेवायला बसली होती, आणि आपण ते जाणत होतो. ते कुठल्या पाण्यात धुवायचे?

आकडे तेच निघाले. पाहुणे ठीक. गावठी मर्यादेच्या कितीतरी पलीकडे. पॉइंटसाहेबांनी दोन्ही निष्कर्ष वेगवेगळे लिहून मोठ्या साहेबांपुढे ठेवले. साहेबांनी वाचले. पुन्हा वाचले.

“हे गावठी म्हणजे... आमच्या भागातल्या बाजारात येतात तेही हेच राखाडी?”

“तेच.”

“आमच्याकडेही येतात हो ते.” साहेबांनी फोन उचलला आणि घरी लावला. “ऐक, आज शिंपले आणलेत का? करू नकोस. टाकून दे... अगं, टाकून दे म्हणतो ना! मुलांना देऊ नकोस!”

फोन खाली ठेवल्यावर त्यांनी वर पाहिले. पॉइंटसाहेब समोर उभेच होते.

“साहेब,” ते अगदी मऊपणे म्हणाले, “तुमच्या घरची वाटी सरकवून झाली. मीही तेच केलं होतं. आता बोर्डाचं बघायचं का?”

मोठ्या साहेबांचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. मग त्यांनी सही केली.

बोर्ड उतरला. त्याच्या जागी नवा लागला, त्यावर दोन्ही शिंपल्यांची चित्रे काढली, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावे. राखाडी शिंपल्यावर लाल फुली होती. नियमात ‘शिंपले’ या शब्दापुढे ‘जे लोक खातात ते’ असे वाढवले गेले. गटारांची चौकशी सुरू झाली आणि ती अजून चालूच आहे. ती कशी चालते हे आपण सगळे जाणतो. काही दिवस बाजारातली ती रांग रिकामी राहिली. तोफेने पॉइंटसाहेबांना भर रस्त्यात शिव्या घातल्या, त्यांनी त्या उभे राहून ऐकल्या. मग त्यांनी आणि सुनेने मिळून दवाखान्यात खेटे घातले, वस्तीतल्या सगळ्यांच्या रक्ताची तपासणी करवून घेतली. खाडीच्या तोंडाशी, जिथे वरचा गाळ पोहोचत नाही, तिथले शिंपले त्यांनी स्वतः तपासायला घेतले. ते स्वच्छ निघाले तर बायकांना लांब जावे लागेल, पण काम राहील. त्याचा निकाल अजून यायचा आहे, आणि पॉइंटसाहेब आधीच ‘योग्य’ म्हणायला तयार नाहीत.

सुनेचे रक्त ठीक निघाले. ताईचे निघाले नाही. शिसे असावे त्याहून बरेच जास्त होते. डॉक्टर म्हणाले, आता खाणे थांबले आहे, तर हळूहळू उतरेल, काही महिन्यांनी पुन्हा बघू. ‘हळूहळू’ आणि ‘बघू’ हे दोन शब्द पॉइंटसाहेबांच्या कानात घर करून बसले.

पुढे एका रविवारी ताई आली. हातात नेहमीची बादली होती, पण रिकामी.

“हात रिकामे घेऊन यायची सवय नाही,” ती दारातच म्हणाली, “म्हणून हीच आणली.”

सुनेने तिला ओढूनच आत नेले. पाने मांडली. साधे वरण-भाताचे जेवण होते. ताई भावाच्या समोर बसली. पॉइंटसाहेबांनी ताटाला हात लावला नव्हता. बायकोने एकदा काहीतरी विनोद करून पाहिला, तो कोणी ऐकला नाही.

ताईने समोरची वरणाची वाटी उचलली. ती नाकाशी नेली, उजेडाकडे धरली, डोळे बारीक करून आत पाहिले. मग ती टेबलावरून सरळ भावाच्या ताटापर्यंत सरकवली.

“घे. आधी तू खा. मग मी खाते.”

ती टोमणा मारते आहे की माफ करते आहे, हे कोणालाच कळेना. पॉइंटसाहेबांनी वाटी तोंडाला लावली.

“पॉइंट किती मीठ कमी आहे?” ताईने विचारले.

पॉइंटसाहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि वाटीत टपकले. ताईने हात लांब करून ती वाटी परत घेतली आणि उरलेले वरण आपल्या भातावर ओतले.

“आता नाही कमी,” ती म्हणाली. “जेव.”

वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येक जण कुठे ना कुठे एखादा बोर्ड लावून बसलेला आहे. कोणी पूल बांधतो, कोणी दूध विकतो, कोणी मुलांची पुस्तके तपासतो, कोणी नुसतीच सही करतो. आपण खोटे बोलत नाही, याचे आपल्याला मोठे समाधान असते. पण एवढे पुरत नाही! जे सोपे आहे, हाताशी आहे, पायरीवर उभे राहून खरवडता येते, ते तपासून आपण खरे बोललो, असे होत नाही. लोकांच्या ताटात जे जाते ते तपासायला चिखलात उतरावे लागते. आणि एवढी परीक्षा तर ज्याची त्याला घरातच करता येते. मी ज्याला योग्य म्हणतो, ते माझ्या घरच्यांना वाढू देईन का? हात वाटी सरकवायला पुढे होत असेल, तर तो हात खरे बोलतो आहे. मग तोंडानेही बोलावे. त्याच दिवशी, चारचौघांत, मोठ्याने. उशीर केलात तर तेवढे दिवस कोणाची तरी ताई जेवत असते.